तडजोडीचे अभंग : शिऊरच्या संत बहिणाबाईंचे आत्मचरित्र पुन्हा वाचताना

वैजापूर तालुक्याबाहेर कुठेही 'आमच्याकडच्या बहिणाबाई' असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जळगावच्या बहिणाबाई चौधरी उभ्या राहतात. त्यात नवल नाही. चौधरींची कविता १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली आणि पुढे शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून घराघरांत पोचली. शिऊरच्या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या. त्यांचा जन्म १६२८ सालचा, कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचा. सासर वैजापूर तालुक्यातले शिऊर. शके १६२२, म्हणजे १७०० साली, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी देह ठेवला. समाधी शिऊरलाच आहे.

तुकारामांच्या शिष्या म्हणून त्यांचे नाव वारकऱ्यांना ठाऊक असते. वाङ्मयाच्या इतिहासात 'स्त्रीसंत' या प्रकरणात त्यांना दोन-तीन परिच्छेद मिळतात. पण या बाईंनी स्वतःच्या आयुष्याची हकीगत अभंगांतून क्रमवार सांगितली आहे, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. आई-वडील, लग्न, घरातले कर्ज, परागंदा होणे, नवऱ्याचा मार, गरोदरपण, गुरूचा शोध आणि शेवटी मरणाची चाहूल हे सारे त्यात आहे. मराठीत एका स्त्रीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले इतके सलग चरित्र त्याआधीचे सापडत नाही.

या चरित्राचे आजवर दोन प्रकारे वाचन झाले. एका वाचनात बहिणाबाई आदर्श पतिव्रता ठरतात : नवऱ्याने छळले तरी त्याला देव मानणाऱ्या. दुसऱ्या वाचनात त्या बंडखोर ठरतात : ब्राह्मणाची बायको असून शूद्र गुरूचा उपदेश घेणाऱ्या. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचे अभंग मिळतात, आणि तिथेच दोन्ही वाचने अडतात. माझे म्हणणे असे, की हे अभंग चरित्रात कोणत्या प्रसंगी येतात तो क्रम धरून वाचले, तर एक तिसरी गोष्ट दिसते. ती एका घरातल्या कामाच्या आणि मानाच्या वाटणीची गोष्ट आहे. ती वाटणी कोणी ठरवली, कशाच्या जोरावर ठरवली आणि बहिणाबाईंनी तिच्यातून स्वतःपुरती जागा कशी काढली, हे त्या फार नेमके सांगतात.

पाठकांच्या घराचे अर्थकारण

आधी घर समजून घेतले पाहिजे. वडील आऊजी देवगावचे कुलकर्णी, आई जानकी. मूल होत नव्हते म्हणून वडिलांनी वेरूळच्या तीर्थावर अनुष्ठान केले आणि मग मुलगी झाली. ती तीन वर्षांची असताना शिऊरच्या गंगाधर पाठकांशी तिचे लग्न लागले. नवरा तीस वर्षांचा, बिजवर. वेदपठण, ज्योतिष, पौरोहित्य हा त्यांचा व्यवसाय.

पुढे भाऊबंदकी आणि देणे यांच्या कचाट्यात वडील सापडले, त्यांना कैद झाली. जावयाने त्यांना सोडवले आणि सगळ्यांनी रातोरात गाव सोडले. १६३० ते १६३२ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ नुकताच होऊन गेला होता आणि निजामशाही मोडकळीला येऊन हा सगळा मुलूख हातोहात फिरत होता. अशा दिवसांत गाव सोडणे म्हणजे वतनाचा आधार सोडणे. देवगावचे कुलकर्णीपण मागे राहिले. मग पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे मुक्काम होत गेले. रहिमतपूरला तिथला उपाध्याय काशीला गेला होता, त्याच्या जागी गंगाधर पाठकांनी काही काळ काम पाहिले. त्यानंतर सगळे कोल्हापूरला हिरंभटांच्या घरी आश्रयाला राहिले.

हा तपशील चरित्रकार सहसा प्रवासवर्णन म्हणून सांगतात आणि पुढे जातात. पण इथेच घरातली सत्ता कुणाच्या हातात गेली ते कळते. एरवी मुलीला माहेर हा शेवटचा आधार असतो. सासरी नाही जमले तर चार दिवस आईकडे जाता येते. या घरात माहेरच सासरच्या मागे चालत होते. आई, वडील, भाऊ, बायको, सगळ्यांची चूल एका माणसाच्या विद्येवर आणि त्याला मिळणाऱ्या दक्षिणेवर पेटत होती. जावयाने उपकार केलेला आणि तोच मिळवता. त्यामुळे पुढे त्याने मुलीवर हात टाकला, तेव्हा मधे पडण्याचे बळ आई-वडिलांच्या अंगात कुठून असणार? बहिणाबाई आई-वडिलांना दोष देत नाहीत, पण त्यांची हतबलता लपवतही नाहीत.

वासरू, कीर्तन आणि मार

कोल्हापुरात हिरंभटांना कोणी कपिला गाय दान दिली होती. ती त्यांनी पाठकांना दिली. गाईला काळे वासरू झाले. या वासराला अकरा-बारा वर्षांच्या बहिणीचा इतका लळा लागला, की चारा-पाणी तिच्याच हातून, आणि ती जाईल तिथे ते मागोमाग. जयरामस्वामी वडगावकरांच्या कीर्तनालाही ते तिच्याबरोबर गेले. गर्दीत अडचण होते म्हणून कोणी त्याला बाहेर काढले, तर ते हंबरू लागले. स्वामींना कळले तेव्हा त्यांनी वासराला आत घेतले, त्याच्या आणि मुलीच्याही मस्तकावरून हात फिरवला.

गावात चर्चा झाली. एवढ्याशा मुलीला स्वामींनी मान दिला, तिच्यात काही विशेष आहे, असे लोक बोलू लागले. ती वार्ता नवऱ्याच्या कानांवर गेली आणि त्याने तिला बांधून मारले. गाय-वासरांनी चारा-पाणी सोडले. काही दिवसांनी वासरू मेले. बहिणाबाईंची शुद्ध हरपली आणि त्या अवस्थेत त्यांना तुकारामांचा स्वप्नात अनुग्रह झाला. पुढचा सगळा इतिहास या प्रसंगातून निघतो.

नवऱ्याच्या रागाचे कारण काय? कर्मठ ब्राह्मणाला शूद्राचा उपदेश खपला नाही, असे उत्तर आपण चटकन देतो. ते खोटे नाही. पण मार आधी बसला आहे आणि तुकारामांचा अनुग्रह नंतर झाला आहे, हा क्रम विसरून चालणार नाही. पहिल्या माराच्या वेळी जातीचा प्रश्नच आलेला नव्हता. बहिणाबाईंनी नवऱ्याच्या तोंडी जे गाऱ्हाणे घातले आहे ते वेगळे आहे. लोक हिच्या दर्शनाला येतात, हिला नमस्कार करतात, आणि आम्हा वेदपाठ्यांना गवताच्या काडीइतकीही किंमत राहत नाही, असा त्याचा आशय आहे. अनुग्रहानंतर या गाऱ्हाण्यात जातीची भर पडली. मूळ गाऱ्हाणे मानाचे होते.

धर्म हा गंगाधर पाठकांचा व्यवसाय होता. त्यात शिकण्याची वर्षे होती, परीक्षा होती, श्रेणी होती, दक्षिणा होती. त्या व्यवसायात बाईला प्रवेश नव्हता. आणि त्यांच्याच घरातली, ज्या मुलीने वेदाचे अक्षर ऐकायचेही नाही अशी मुलगी, काही न शिकता त्याच व्यवसायातला मान मिळवून बसली. ती चांगला स्वयंपाक करते म्हणून गाजली असती, तर नवरा सुखावला असता. ती त्याच्याच क्षेत्रात गाजली. हृषीकेश मुखर्जींचा 'अभिमान' हा १९७३ सालचा चित्रपट आठवावा. गायक नवऱ्याला बायकोचे गाणे आवडते, ते आपल्यापेक्षा जास्त गाजू लागेपर्यंत. तीनशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात हिरंभटांच्या वाड्यात हेच घडले होते, आणि ते बायकोने नोंदवून ठेवले.

या दृष्टीने पाहिले तर बहिणाबाईंचे चरित्र नंतरच्या मराठी स्त्री-आत्मकथनांपेक्षा वेगळे पडते. रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणींत नवरा शिक्षक आहे आणि जाच घरातल्या बायकांचा आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त नवरा धर्म बदलून दूर जातो, पण बायकोने कविता करण्याला त्याची हरकत नाही. बहिणाबाईंच्या चरित्रात नवरा प्रतिस्पर्धी आहे. असा नवरा मराठी आत्मकथनांत फार कमी वेळा इतक्या उघडपणे आला आहे.

तडजोड

स्वप्नातल्या अनुग्रहानंतर प्रकरण हातघाईवर आले. नवऱ्याने घर सोडून जाण्याचे ठरवले. बायको तीन महिन्यांची गरोदर होती. तिला सासूच्या हवाली करून, पुन्हा हिचे तोंड पाहणार नाही म्हणून तो निघाला. या क्षणी बहिणाबाईंच्या मनात जे आले ते त्यांनी सांगितले आहे, आणि त्यांच्याविषयीचा सगळा वाद या एका जागेभोवती फिरतो. त्या म्हणतात, नवऱ्याची सेवा हाच माझा धर्म, तोच माझा देव. आणि पुढे जे म्हणतात त्याचा भावार्थ असा : विठ्ठल तर दगडाचा, तुकोबा तर स्वप्नातले. त्यांच्यासाठी डोळ्यांपुढचे सुख मी का घालवू?

वारकरी संताच्या गाथेत विठ्ठलाला दगड म्हटलेले वाचून अनेकांना अवघडायला होते. भक्तिपर व्याख्या करणारे ही जागा लवकर ओलांडतात किंवा तिचा अर्थ 'पतिसेवेची थोरवी' असा लावतात. पण हे उद्गार शांत मनाने मांडलेला सिद्धान्त नाहीत. परमुलखात, परक्याच्या घरात, पोटात मूल असताना, मिळवता माणूस उठून चालला आहे. मागे उरणार म्हातारे आई-वडील, जे स्वतःच परागंदा. अशा वेळी केलेला हा हिशोब आहे. बाई व्यवहार बघते आहे आणि व्यवहार बघते आहे हे कबूलही करते आहे.

छापील गाथेने या जागेचा आणखी एक घोटाळा केला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धोंडो विनायक उमरखाने यांनी गाथा छापली. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट यांनी पुण्याहून तिचे इंग्रजी भाषांतर काढले. १९७९ साली शालिनी जावडेकरांची आवृत्ती आली. गाथेत आत्मचरित्र एका बाजूला आणि पतिव्रताधर्माचे अभंग विषयवार दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी दिसते. गाथांच्या बाबतीत ती रूढच आहे. परिणाम मात्र असा होतो, की पतिव्रताधर्माचे अभंग त्या बांधून मारण्याच्या प्रसंगापासून आणि त्या निघून चाललेल्या नवऱ्यापासून सुटे होतात. सुटे झाले की ते उपदेश होतात. मग कीर्तनात, लग्नाच्या पत्रिकेत, महिला मेळाव्यातल्या भाषणात ते हवे तिथे लावता येतात.

अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२ साली 'पत्नी आणि संत' या दोन भूमिकांच्या ताणाच्या अंगाने बहिणाबाईंवर महत्त्वाचा निबंध लिहिला. संसार आणि परमार्थ या दोन्हींचा मेळ बहिणाबाईंनी घातला, ही त्यांची विशेषता अशी त्यांची दिशा आहे. ती मला मान्य आहे. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते, की या मेळाची किंमत एकाच बाजूने मोजली आहे. नवऱ्याला पती आणि वेदपाठी या दोन भूमिकांचा मेळ घालावा लागला नाही. त्या दोन्ही एकमेकींना पूरकच होत्या. बाईला मात्र परमार्थाची परवानगी मिळावी म्हणून आधी हमी द्यावी लागली : मी तुमची प्रतिस्पर्धी नाही, घरातले माझे काम चुकणार नाही. पतिव्रताधर्माचे अभंग हे त्या हमीचे कागद आहेत.

यावर कोणी म्हणेल, की बहिणाबाईंची पातिव्रत्यावर खरी श्रद्धा होती, तुम्ही तिला सोंग ठरवता. तसे मी म्हणत नाही. सतराव्या शतकातल्या कुलकर्ण्याच्या मुलीची त्यावर श्रद्धा असणारच. पण श्रद्धा असणे आणि दुसरा पर्याय नसणे या दोन्ही गोष्टी एका माणसात एकाच वेळी राहू शकतात. आजही राहतात. बहिणाबाईंचे मोठेपण असे, की त्यांनी श्रद्धा सांगितली आणि मारही सांगितला. पहिलीसाठी दुसरा लपवला नाही.

पुढची हकीगत सर्वांना माहीत आहे. नवरा निघायच्या आतच आजारी पडला. महिनाभर बायकोने त्याची शुश्रूषा केली. एका वृद्ध ब्राह्मणाने त्याला जाब विचारला, आणि त्याचे मन पालटले. मग सगळे कुटुंब देहूला गेले. तिथे मंबाजी गोसाव्याने, आपले शिष्यत्व घेत नाहीत आणि तुकारामाला गुरू मानतात म्हणून, त्यांचा छळ मांडला. इथेही भांडण धर्माच्या धंद्यातल्या मानाचेच होते. फरक एवढाच, की आता गंगाधर पाठक बायकोच्या बाजूला उभे होते.

आवलीकडे पाहिल्यावर

देहूत बहिणाबाईंना मुलगी झाली, काशी. म्हणजे बाळंतपण, तान्हे मूल आणि तुकारामांचे कीर्तन हे सगळे एकाच काळातले. त्याच गावात, त्याच वेळी दुसरी एक बाई संतांच्या प्रपंचाचा गाडा ओढत होती. तुकारामांची दुसरी पत्नी जिजाई, लोकांच्या तोंडची आवली.

आवलीची आपल्या परंपरेने केलेली प्रतिमा सगळ्यांना पाठ आहे. कजाग, तोंडाळ, विठोबाला शिव्या देणारी. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर, आणि ही उन्हातून भाकरी घेऊन चढते आहे. घरात पोरे उपाशी, दुकान बसलेले. तिने तोंड सोडले तर सोडले. पण गोष्टीत समजूत कोणाची घातली जाते? तिची. संताचा संसार तिने मुकाट्याने सांभाळावा, अशी अपेक्षा.

आता दोन्ही घरे शेजारी ठेवून पाहावीत. पुरुष संत झाला तेव्हा घरातले काम बायकोवर पडले, आणि तिने कुरकूर केली म्हणून ती कजाग ठरली. बाई संत झाली तेव्हा घरातले काम तिच्याकडेच राहिले, आणि तिने कुरकूर केली नाही म्हणून ती पतिव्रता ठरली. दोन्हीकडे चूल बाईचीच राहिली. बदलले ते फक्त तिला दिलेले नाव.

मराठवाड्यातल्याच गंगाखेडच्या जनाबाईंचे उदाहरण याला जोडून घ्यावे लागते. जनाबाईंच्या अभंगांत दळणे, कांडणे, झाडणे, शेण्या वेचणे सगळे आहे, आणि विठ्ठल त्या कामाला हात लावतो. जनाबाईंना नवरा नव्हता. दासीपण होते. त्यांच्या कल्पनेतला देव घरकामात उतरू शकला, कारण ती जागा अडवायला मधे कोणी नव्हते. बहिणाबाईंच्या घरात देवाची जागा आधीच भरलेली होती. त्यामुळे त्यांच्या गाथेत घरकाम जवळजवळ दिसत नाही. दिसते ती 'सेवा'. काम मोजता येते, वाटून घेता येते, त्यात कोणाची मदत मागता येते. सेवा म्हटली की यातले काहीच करता येत नाही.

न लिहिलेली वज्रसूची

बहिणाबाईंच्या विचाराची झेप पाहायची असेल तर 'वज्रसूची' या संस्कृत ग्रंथाच्या आधाराने त्यांनी केलेले अभंग वाचावेत. ब्राह्मण कोण, हा त्यांचा विषय. जीव ब्राह्मण म्हणावा, तर तो सगळ्यांत सारखाच. देह म्हणावा, तर तो पंचभूतांचा, सगळ्यांचा सारखाच झिजणारा. जन्म म्हणावा, तर कितीतरी ऋषी भलत्याच कुळांत जन्मले. असे एकेक लक्षण खोडून काढत शेवटी ब्रह्म जाणणारा तो ब्राह्मण, इथे येऊन हा युक्तिवाद थांबतो. वेदपाठकाच्या बायकोने आणि शूद्र गुरूच्या शिष्येने हे मराठीत आणावे, याचे मोल सांगायला नको.

पण याच बाईंच्या गाथेत दुसरीकडे एक आर्त तक्रार आहे. वेद-पुराणे ओरडून सांगतात की स्त्रीच्या संगतीत कल्याण नाही. मग मला तर देहच स्त्रीचा मिळाला, मी परमार्थ कसा साधावा? असा तिचा आशय. इथे थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. देहाने कोणी ब्राह्मण होत नाही, हे ज्यांनी इतक्या शिस्तीने सिद्ध केले, त्यांनी तीच सुई स्त्रीदेहाच्या गाठीला का लावली नाही? देह जर ब्राह्मणाला ब्राह्मण करत नाही, तर देह बाईला अपात्र कसा करतो? युक्तिवाद तयार होता. फक्त एक पाऊल पुढे टाकायचे होते.

ते पाऊल पडले नाही याचा दोष मी बहिणाबाईंना देणार नाही. जातीच्या बाबतीत त्यांच्या हातात एक ग्रंथ होता, पाठीशी तुकारामांसारखा गुरू होता, भोवती वारकऱ्यांचा समाज होता. बाईपणाच्या बाबतीत यातले काहीच नव्हते. उलट ज्याच्याशी तडजोड करून घर टिकवले, तोच समोर बसलेला होता. एकट्या माणसाला तक्रार करता येते. ग्रंथ रचायला मागे काहीतरी उभे असावे लागते.

शिऊरच्या समाधीनंतर १८२ वर्षांनी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. सुरतेच्या एका तरुण ब्राह्मण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांवर जी राळ उडाली होती, तिला ते उत्तर होते. बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण उचलायचा आणि तो पुरुषांत किती पटीने आहे ते दाखवायचे, ही ताराबाईंची रीत. पातिव्रत्याची सगळी कलमे बायकांच्याच माथी का, हाही त्यांचा रोखठोक सवाल. लक्षणे एकेक करून खोडत जायची ही 'वज्रसूची'चीच पद्धत आहे. बहिणाबाईंनी न लिहिलेली वज्रसूची ताराबाईंनी लिहिली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. ताराबाईंच्या मागे सत्यशोधक चळवळ उभी होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आजचा हिशोब

हा सगळा जुना इतिहास झाला, असे समजून पुस्तक मिटता आले असते तर बरे झाले असते. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळवापर सर्वेक्षणात दिसले, की दिवसभरात बिनमोबदल्याच्या घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. हात लावणाऱ्यांतही स्त्रिया सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली.

नोकरीच्या जागीही 'सेवा' हा शब्द बाईच्या मागे लागलेला आहे. अंगणवाडीतली बाई 'सेविका' आहे आणि तिला मिळते ते 'मानधन'. आशा कार्यकर्ती गावातलीच स्त्री असावी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. म्हणजे घरातली शुश्रूषा गावभर करण्यासाठी नेमलेली बाई. वेतन द्यायचे तर तास मोजावे लागतात, रजा द्यावी लागते. मानधनाला मोजमाप लागत नाही, कारण तिथे मान दिलेला असतो. मराठवाड्यातून उसाच्या तोडीला जाणाऱ्या जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात. राबणारे दोघे, मोजणीत एक, आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात.

शिकलेल्या घरांतली तडजोड याहून मवाळ आहे, पण तिचा साचा पाठकांच्या घरातलाच आहे. बाईने शाळेत शिकवावे, बँकेत जावे, तलाठी व्हावे, २०११ पासून निम्म्या झालेल्या राखीव जागांवर सरपंचही व्हावे. कोणाची हरकत नसते. फक्त आधी डबे भरलेले असावेत, आणि नवरा ज्या क्षेत्रात आहे त्याच क्षेत्रात त्याच्या पुढे जाऊ नये. गेलीच तर चार लोकांत सांगू नये. 'घर सांभाळून सगळं करते हो' हे आपल्याकडे बाईचे सर्वांत मोठे कौतुक आहे. नवऱ्याचे असे कौतुक केलेले कोणी ऐकले आहे का? बहिणाबाईंनी लिहून दिलेल्या हमीचे नूतनीकरण आजही दर सकाळी होते, आणि ते इतके सवयीचे झाले आहे की ती हमी आहे हेच आपण विसरलो आहोत.

म्हणूनच बहिणाबाईंना निव्वळ पतिव्रता म्हणून मखरात बसवणे मला घातक वाटते. त्यांनी ज्या अटींवर घर टिकवले, त्या अटी आपण आदर्श म्हणून मुलींच्या हातात देतो, आणि त्या अटी कशा लादल्या गेल्या तेवढे मात्र गाळतो. त्यांना निव्वळ बंडखोर म्हणणेही तितकेच सोपे. त्याने आपली छाती फुगते, पण ज्या बाईने माघार घेतली, आणि घेतली हे सांगितले, तिचा प्रामाणिकपणा हातचा जातो.

नवऱ्याचे पुढे काय झाले?

हे चरित्र मुलींपुढे वाचले की एक प्रश्न हमखास येतो : मग तिच्या नवऱ्याचं पुढे काय झालं? देहूनंतर गाथेत त्यांच्याविषयी जवळजवळ काही नाही. ज्या माणसाच्या रागाने चरित्राचा पूर्वार्ध भरला आहे, तो उत्तरार्धातून सावकाश निघून जातो. शिऊरला परतलेल्या बहिणाबाई शेवटच्या अभंगांत आपल्या मुलाशी, विठोबाशी बोलतात. आपले मागचे बारा जन्म आणि हा तेरावा, यांची हकीगत त्याला सांगतात. मुलगा ऐकतो, विचारतो, पुन्हा ऐकतो. याच चरित्राच्या सुरुवातीला एका पुरुषाने या बाईला बोलू न देण्यासाठी बांधून मारले होते. शेवटी एक पुरुष तिच्यापुढे बसून ऐकतो आहे.

आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी मुद्रा आहे. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवतात, सोयराबाई चोख्याची पत्नी म्हणून सही करतात. बहिणाबाईंची मुद्रा फक्त 'बहिणी'. पाठकांची नाही, कुलकर्ण्यांची नाही. पतिव्रताधर्माच्या अभंगांखालीही सही हीच. हमी लिहून दिली, पण सही स्वतःच्या नावाची केली. शिऊरला समाधीपुढे हात जोडताना आपण कोणापुढे उभे आहोत, हे या सहीवरून ओळखायला हवे.